पावसाआधी ब्रेक लाइट एकदा तपासून घ्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की खड्डे, तुंबलेली गटारे आणि बंद पडलेले पथदीप यांबद्दल वाचकांची पत्रे आपल्या वृत्तपत्रात येऊ लागतात, आणि ती यायलाच हवीत. मला मात्र या पत्रात आपल्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या बाजूला असलेल्या ब्रेक लाइटबद्दल लिहायचे आहे. मोटारींच्या वायरिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्यामुळे फोंड्याहून पणजीला किंवा बोरीच्या पुलावरून मडगावकडे जाताना पुढच्या गाडीचे दिवे न्याहाळण्याची सवय लागली आहे. एका बाजूचाच ब्रेक लाइट लागणाऱ्या, दोन्ही बाजूंना नुसता मिणमिणता उजेड देणाऱ्या, किंवा ब्रेक दाबूनही मागे पूर्ण काळोख असलेल्या गाड्या रोज दिसतात. त्या चालवणारी माणसे बेफिकीर नसतात. त्यांना ते ठाऊकच नसते, इतकेच.

हेडलाइट गेला तर रस्ता दिसेनासा होतो आणि चालकाला त्याच क्षणी कळते. इंडिकेटरचा बल्ब गेला तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरची टिकटिक जलद होते. ब्रेक लाइट मात्र गाडीच्या मागे असतो, पॅडलवर पाय असेपर्यंतच लागतो, आणि त्या वेळी चालकाचे लक्ष पुढे असते. बल्ब उडाल्याची सूचना देणारी सोय मोजक्या गाड्यांतच असते. म्हणजे या एका दिव्याचा बिघाड मुद्दाम पाहिल्याखेरीज किंवा दुसऱ्या कोणी सांगितल्याखेरीज कळण्याचा मार्गच नाही.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढे सरकते. पुढचा ब्रेक लाइट लागला तर मागच्या चालकाचा पाय लगेच हलतो; तो लागला नाही तर दोन गाड्यांमधले अंतर कमी होत आहे हे डोळ्यांनी जोखूनच त्याला ब्रेक दाबावा लागतो, आणि पावसाच्या सरीत, वायपर चालू असताना, तेवढ्यात एखादा सेकंद सहज निघून जातो. मागच्या काचेजवळ असलेल्या तिसऱ्या ब्रेक लाइटचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. 1974 साली सॅन फ्रान्सिस्को येथे जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने टॅक्सींना असा जादा दिवा लावून प्रयोग केला, मागून बसणाऱ्या धडका कमी झाल्याचे त्यात दिसले, आणि पुढे 1986 च्या मॉडेलपासून तो दिवा अमेरिकेतील मोटारींना सक्तीचा झाला. तेथील महामार्ग सुरक्षा संस्थेने नंतर केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात त्या एका दिव्यामुळे मागून होणाऱ्या टकरी 4.3 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. दोन दिवे आधीच लागत असताना तिसऱ्याने एवढा फरक पडतो, तर तीनपैकी दोन बंद ठेवून चालणारी गाडी मागच्या माणसाला किती धोक्यात टाकत असेल, याचा विचार व्हावा.

आपल्या गोव्यात हा दोष लवकर का उद्भवतो, हे टेल लॅम्प, म्हणजे मागच्या दिव्यांचा संच, उघडून पाहिले की लगेच समजते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्यावरची खारट हवा, आणि दिवाडी, चोडण यांसारख्या ठिकाणी फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकांनी उडणारे खारे पाणी, या सगळ्यांचा परिणाम प्रथम बल्बच्या होल्डरवर होतो. लॅम्पची रबरी पॅकिंग कडक होऊन फटीतून ओल आत शिरते. बल्ब फिरवून बाहेर काढला की त्याच्या बुडाशी असलेल्या शिशाच्या दोन ठिपक्यांवर करडा थर दिसतो, होल्डरमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड साचलेली असते, आणि स्प्रिंग गंजून दबली असेल तर पट्टी बल्बपर्यंत पोहोचतच नाही. बल्ब शाबूत, वायर शाबूत, वीजही येते आहे, तरी दिवा लागत नाही. अशा वेळी बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासून, काँटॅक्ट क्लीनर मारून, पट्टी किंचित वर उचलून बल्ब पुन्हा बसवला की बहुतेक वेळा काम होते.

तपासणीसाठी घरातले कोणी मागे उभे राहिले तर उत्तम, पण एकट्यालाही ती जमते. दिवेलागणीच्या वेळी गाडीची मागची बाजू भिंतीकडे किंवा दुकानाच्या शटरकडे करून दोन हात अंतरावर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, ब्रेक दाबून आरशांत पाहावे. भिंतीवर डावीउजवीकडे सारखाच लाल उजेड पडला पाहिजे आणि मागच्या काचेवरचा मधला दिवाही लागला पाहिजे. मात्र पार्किंग लाइट बंद ठेवून एकदा, ते लावून दुसऱ्यांदा, आणि मग एका बाजूचा इंडिकेटर चालू ठेवून तिसऱ्यांदा असे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. पुष्कळ गाड्यांत मागचा साधा लाल दिवा आणि ब्रेक लाइट एकाच बल्बमध्ये असतात: 5 वॅटची बारीक तार रात्रीच्या दिव्यासाठी आणि 21 वॅटची जाड तार ब्रेकसाठी. 21 वॅटची तार तुटली तरी 5 वॅटची लागत राहते, आणि रात्री मागे लाल उजेड दिसतो म्हणून मालक निश्चिंत असतो. पार्किंग लाइट लावलेले असताना ब्रेक दाबल्यावर उजेड ठळकपणे वाढला नाही, तर तो ब्रेक लाइट बंदच समजावा.

दोष कुठे शोधायचा, हे बरेचसे कोणते दिवे बंद आहेत यावरून ठरते. एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचे अर्थिंग (वीज गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीकडे परत जाण्याची जोडणी), याच्या पलीकडे सहसा जावे लागत नाही. दोन्ही बाजूंचे बंद आणि मधला चालू, असे असेल तर बहुधा एका बाजूचा बल्ब कधीचाच गेलेला असतो आणि आता दुसराही गेला आहे. तिन्ही बंद असतील तर बल्बांना हात न लावता आधी फ्यूज आणि नंतर पॅडलजवळचा स्विच पाहावा. फक्त मधलाच बंद असेल आणि गाडी हॅचबॅक असेल, तर डिकीच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून जाणारी वायर तपासावी. झाकण वर्षानुवर्षे उघडझाप होऊन तिथली तार आतून तुटते आणि बाहेरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. नळी मागे सरकवून एकेक वायर हलकेच ताणली की तुटलेली वायर रबरासारखी लांबते आणि हाताला लगेच कळते.

फ्यूजच्या बाबतीत कळकळीने सांगावेसे वाटते की उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचाच फ्यूज घालावा. लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा आणि हिरवा 30 चा असतो. निळा उडतो म्हणून हिरवा घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणे, याने दिवा लागेल, पण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती सीटखालच्या कार्पेटच्या खाली जळेल. 21 वॅटचे दोन बल्ब मिळून 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअरच घेतात. तेवढ्यासाठी 15 चा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर बहुधा वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. अशा गाडीत पहिली शंका मागाहून बसवलेल्या वस्तूंची घ्यावी: रिव्हर्सचा संगीत हॉर्न, झगमगणाऱ्या पट्ट्या, ट्रेलर ओढण्यासाठी काढलेले कनेक्शन.

स्विचबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो फारसा कोणी पाहिलेला नसतो. ब्रेक पॅडलच्या दांड्यावर, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, प्लंजर (आत-बाहेर सरकणारी छोटी दांडी) असलेला एक छोटा स्विच बसवलेला असतो. पाय वर असताना दांडा त्या प्लंजरला आत दाबून ठेवतो आणि दिवा बंद राहतो. पाय दाबला की दांडा दूर जातो, प्लंजर बाहेर येतो आणि दिवा लागतो. साध्या दोन वायरींच्या स्विचची परीक्षा टेस्ट लॅम्पने, म्हणजे वीज असली की लागणाऱ्या तपासणीच्या छोट्या दिव्याने, होते: एका वायरवर वीज कायम असली पाहिजे आणि दुसरीवर ती पॅडल दाबल्यावरच आली पाहिजे. पहिलीवर आहे आणि दुसरीवर कधीच येत नाही, तर स्विच गेला. नव्या गाड्यांत मात्र याच स्विचला चार वायरी असतात आणि त्यातून संगणकालाही संकेत जातो. तिथे वायरींना वायरी जोडून पाहण्याचा प्रयोग घरी करू नये. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्किंगमधून हलत नसेल किंवा बटण दाबून चालू होणारी गाडी चालूच होत नसेल, तर लोक बॅटरीला दोष देतात. पण आधी कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक लाइट लागतो का ते पाहावे. तो लागत नसेल तर दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा हा स्विच किंवा त्याचा फ्यूजच असतो.

याच्या उलट दोष म्हणजे दिवा विझतच नाही. पॅडलच्या दांड्यावर, प्लंजर टेकतो त्या भोकात, प्लास्टिकचे किंवा रबराचे एक लहानसे बटण बसवलेले असते. गाडी जुनी झाली की ते वाळून ठिसूळ होते आणि एके दिवशी फुटते. मग प्लंजर त्या भोकातून सरळ पलीकडे जातो आणि पाय वर असूनही ब्रेक लाइट लागलेला राहतो. चालकाच्या पायाखालच्या मॅटवर हरभऱ्याएवढे प्लास्टिकचे कुसकरलेले तुकडे दिसले तर ते केर म्हणून झाडून टाकण्यापूर्वी पॅडलच्या वर टॉर्च मारून पाहावे. चावी काढल्यावरही ज्या गाड्यांत ब्रेक लाइटला वीज मिळते, त्यांत साडेतीन अँपिअरचा हा खर्च दहा तासांत 35 अँपिअर-तास होतो, म्हणजे लहान मोटारीची बॅटरी सकाळपर्यंत पुरती उतरते, आणि नव्या बॅटरीचा खर्च विनाकारण केला जातो. शिवाय ज्या गाडीचा ब्रेक लाइट सतत लागलेला आहे ती खरोखर कधी थांबते आहे, हे मागच्याला कळत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना तर हा दोष दिवा बंद असण्याइतकाच वाईट. ते बटण किरकोळ किमतीत मिळते.

आता अर्थिंगविषयी, कारण सर्वांत जास्त चुकीच्या दुरुस्त्या मी इथेच पाहिल्या आहेत. बल्बमधून गेलेली वीज बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत गेली तरच दिवा नीट लागतो. हा परतीचा रस्ता गंजला की वीज दुसऱ्या तारेतून वाट काढते: ब्रेकच्या तारेतून आलेली वीज त्याच बल्बच्या 5 वॅटच्या तारेतून उलटी शिरते आणि नंबर प्लेटचा दिवा, पलीकडचा टेल लॅम्प यांतून बॉडीला मिळते. ब्रेक दाबला की भलतेच दिवे मिणमिणतात, इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट त्याच्याबरोबर उघडझाप करतो, अशा विचित्र वाटणाऱ्या तक्रारींचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. मल्टीमीटरचे एक टोक होल्डरच्या अर्थिंगला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावून ब्रेक दाबावा. काटा शून्याजवळ राहिला तर ठीक, अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाखवू लागला तर अर्थिंगचा स्क्रू काढून बॉडीचा पत्रा चकाकेपर्यंत घासावा, स्क्रू पुन्हा घट्ट करावा आणि वर थोडे ग्रीस लावावे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर तारेच्या बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून नुसता मंद वाटणारा ब्रेक लाइटही चालवून घेऊ नये.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना याच दोषासाठी एका गॅरेजने टेल लॅम्पची पूर्ण असेंब्ली बदलून दिली आणि काही हजारांचे बिल हातात ठेवले. चार दिवसांनी दिवा पुन्हा मंद झाला, कारण ज्या स्क्रूला अर्थिंगची वायर जोडलेली होती तो गंजलेला स्क्रू कोणी पाहिलाच नव्हता. सगळीच गॅरेजे अशी असतात असे माझे म्हणणे नाही. कारण शोधण्यात गेलेल्या तासाभराचे पैसे द्यायला ग्राहक कुरकुरतो आणि नव्या भागाचे मात्र निमूट देतो, हेही मी पाहत आलो आहे. पण ग्राहकाने गॅरेजमध्ये पाऊल ठेवताच ‘दोष नेमका कुठे आहे ते टेस्ट लॅम्प लावून दाखवा, मग काय बदलायचे ते बोलू’ असे म्हणायला शिकले पाहिजे. नव्या गाड्यांतील एलईडी लॅम्प बंदिस्त असतात आणि ते खरोखरच आख्खे बदलावे लागतात. म्हणूनच तिथे कपलरपर्यंत (वायर लॅम्पला जोडणाऱ्या खटक्यापर्यंत) वीज आणि अर्थिंग नीट पोहोचते की नाही हे आधी पाहून घेण्याची गरज अधिक आहे.

साध्या होल्डरमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब बसवण्याची हौस आणि टेल लॅम्पवर काळी फिल्म चिकटवण्याची हौस, या दोन्ही मला घातक वाटतात. पहिलीत अनेकदा रात्रीचा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांतला फरकच पुसला जातो, आणि दुसरीत भर दुपारच्या उन्हात ब्रेक लाइट दिसत नाही. दुचाकीस्वारांनी, विशेषतः दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या मोटारसायकल पायलटांनी (दुचाकी टॅक्सी चालवणाऱ्यांनी), हाताचा आणि पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहावा, कारण दोघांचे स्विच वेगळे असतात आणि एक बिघडला तरी दुसऱ्यामुळे सगळे ठीक असल्याचा भास होतो.

कायद्याने यात पळवाट ठेवलेली नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190 नुसार, जो दोष चालकाला माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळू शकला असता, असा दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा गुन्हा ठरतो. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर ब्रेक लाइटच्या बाबतीत चालत नाही. पण व्यवस्थेचीही एक उणीव आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणीला जावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिचे दिवे सरकारी नियमाने कोणी पाहत नाही. प्रदूषण तपासणीला मात्र इंधनावर चालणारी प्रत्येक गाडी ठरावीक मुदतीने जातेच. त्याच वेळी, धूर मोजणाऱ्या माणसाने चालकाला ब्रेक दाबायला सांगून मागचे तीन दिवे पाहिले आणि बंद असेल त्याची नोंद कागदावर करून दिली, तर अर्ध्या मिनिटाचे काम आहे. वाहतूक खात्याने याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

रेंट-अ-कार व्यावसायिकांनी गाडी पर्यटकाच्या हाती देताना ओरखड्यांचे फोटो काढण्याबरोबरच ब्रेक लाइट लागल्याचाही फोटो काढावा. नवख्या रस्त्यावर नवखा चालक वळणाच्या तोंडाशी अचानक थांबतो, आणि त्याच्या मागे आपलीच माणसे असतात. पत्रादेवी, पोळे, मोले, केरी येथील सीमेवरच्या नाक्यांवर गाड्या थांबवल्या जातातच. कागदपत्रे पाहताना पोलिसांनी मागच्या दिव्यांवर एक नजर टाकावी, आणि पहिल्या खेपेला दंडापेक्षा दोन दिवसांत दुरुस्त करून दाखवण्याची सवलत द्यावी, म्हणजे लोक दोष लपवणार नाहीत.

शेवटची सूचना फर्मागुडीच्या आणि राज्यातील इतर आयटीआयसाठी आहे. मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांनी मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्याच्या आणि मडगावच्या बसस्थानकाजवळ आपल्या शिक्षकांसह एकेक दिवस बसावे आणि येईल त्या गाडीचे ब्रेक लाइट फुकट पाहून द्यावेत. साहित्य म्हणून एक टेस्ट लॅम्प, 21/5 वॅटच्या आणि नुसत्या 21 वॅटच्या बल्बांचे एकेक खोके, 10 आणि 15 अँपिअरचे फ्यूज आणि पॉलिश पेपर एवढे पुरे. बल्बाची किंमत गाडीमालक आनंदाने देईल. एखाद्या संस्थेने असा उपक्रम हाती घेतला तर टेस्ट लॅम्प घेऊन मुलांसोबत बसण्यास मी तयार आहे, आणि आपल्या वृत्तपत्राने तारीख व ठिकाण छापण्याची कृपा करावी.

आपला नम्र,
एक मोटार इलेक्ट्रिशियन, फोंडा – गोवा